ज्याने त्याने आपली खुर्ची आणावी

आपण जिवंत आहोत हे दरवर्षी बँकेत जाऊन सिद्ध करावं लागतं, हे निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. नोकरीत असताना मी जिवंत आहे की नाही याची कोणी चौकशी केली नव्हती. साहेबांना अधूनमधून शंका यायची, पण त्यांनी ती लेखी कधी मांडली नाही. पेन्शन सुरू झाली आणि बँकेने माझ्या हयातीचा दाखला मागायला सुरुवात केली. या वेळी मी दाखला द्यायला निघालो तेव्हा, खरं सांगायचं तर, माझी बाजू जरा लंगडीच होती.

झालं होतं असं, की थंडीत मला ताप आला, आणि जाताना तो माझ्या नाकातला वास घेऊन गेला. वास गेला की पाठोपाठ चवही जाते. भाजी, पाव, दूध, टूथपेस्ट, सगळं एकाच कारखान्यातल्या पुठ्ठ्याचं लागायला लागलं. बायकोने हरतऱ्हेचे उपाय केले. लवंग, संत्र्याची साल, फिनेल, बुटांचं पॉलिश, जे हाताला लागेल ते ती माझ्या नाकाशी धरायची आणि आशेने तोंडाकडे बघायची. शेवटी तिने माझाच मोजा धरला. त्यालाही मी "काही नाही" म्हणालो, तेव्हा तिचे डोळे भरून आले. मोज्यावरून आमच्या संसारात कोणी रडल्याची ती पहिलीच वेळ. जेवताना मी प्रत्येक घासाला "छान झालंय" म्हणायचो, आणि ज्या दिवशी भाजीत मीठ घालायचं राहिलं त्या दिवशीही तसंच म्हणालो. तिने मिठाची बरणी माझ्यासमोर आणून ठेवली.

तर बँकेत काउंटरमागे एक मुलगी होती, आणि तिच्यापुढे झाकण नसलेला कप होता. सही करायला मी वाकलो, कपातली वाफ नाकात गेली आणि मी तसाच थांबलो. आधी काहीतरी भाजल्यासारखं आलं, मग कडवट, आणि मग अख्खी कॉफी एकदम आली. मी मान वर करेना. "काका, सही झाली का?" झाली नव्हती. "काका, बरं वाटत नाहीये का?" मला इतकं बरं वाटत होतं की दाखल्यावर टपटप पाणी पडत होतं. तिने मॅनेजरला हाक मारली, मॅनेजर पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला. मी म्हणालो, "पाणी नको. हे," आणि कपाकडे बोट केलं. त्या पोरीने स्वतःची कॉफी मला दिली. मी ती तळापर्यंत प्यालो. मग तिने नियमाप्रमाणे विचारलं, "तुम्ही स्वतः हजर आहात ना?"

"आत्ता आलो," मी म्हणालो.

तिथून मी तडक डॉक्टरांकडे गेलो, कारण माझ्या हातून गुन्हा घडला होता. मला कॉफी बंद होती. लग्न झाल्यावर आमच्या घरात जी पहिली पद्धत पडली ती संध्याकाळच्या कॉफीची: मी ऑफिसातून यायचो, ती दोन कप करायची आणि आम्ही खिडकीशी बसून रस्ता बघायचो. मग माझ्या पोटात जळजळ सुरू झाली आणि डॉक्टरांनी कॉफी बंद केली. तेव्हा आमची मुलगी दुधाच्या दातांची होती. आता तिच्या मुलीचे दुधाचे दात पडताहेत.

डॉक्टर आता बरेच म्हातारे झालेत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "अहो, कॉफी मी पंधरा दिवस बंद ठेवायला सांगितली होती."

"पण पुढे सुरू करा असं कुठे सांगितलंत?"

"तुम्ही परत आलातच नाहीत!"

"जळजळ थांबली. मग कशाला येऊ?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता तेच माझ्या हयातीचा दाखला मागणार. पण मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक सांभाळली आहे. आमच्याकडे एकदा आदेश निघाला की दुसरा आदेश निघेपर्यंत तो चालू राहतो. एकदा 'दुरुस्त होईपर्यंत पंखा लावू नये' असं पत्रक निघालं. पंखा दुरुस्त झाला, पण तसं लेखी कोणी कळवलं नाही, म्हणून त्या ठणठणीत पंख्याखाली आम्ही पुढे कित्येक उन्हाळे घाम पुसत काढले. हे डॉक्टरी शिकलेल्या माणसाला समजायचं नाही.

मी उड्या मारत घरी आलो. बायको मटार सोलत होती. "अगं, वास आला! आणि कॉफी फक्त पंधरा दिवस बंद होती!"

वास आला म्हटल्यावर तिने दोन्ही हात जोडले. पुढचं ऐकल्यावर तेच हात खाली आले. "पंधरा दिवस?" ती म्हणाली, आणि मटार उचलून आत निघून गेली. त्या संध्याकाळी मी दोन कप कॉफी केली. तिच्या कपावर साय धरली तरी ती आली नाही. "मला नको. मी चहाच पिते," असं आतूनच उत्तर आलं. मला ते पटलंही, कारण इतकी वर्षं मी तिला चहाच पिताना पाहत आलो होतो.

पुढचे काही दिवस मी माणसात नव्हतो. तयार पूड म्हणजे दुसऱ्याने वास घेऊन उरलेला माल, असं माझं मत झालं आणि मी कच्च्या बिया आणून कढईत भाजायला घेतल्या. पहिल्याच घाण्याला खिडकीतून एवढा धूर गेला, की इमारतीचे सेक्रेटरी जिन्यातली वाळूची बादली घेऊन धावत आले आणि काही विचारायच्या आत त्यांनी ती कढईत रिकामी केली. मग त्यांना फार वाईट वाटलं. ते वाईट वाटणं जावं म्हणून मी दुसरा घाणा भाजून त्यांना कप दिला. वासाची तक्रार करायला वरच्या मजल्यावरच्या बाई उतरल्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि त्या फक्त शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. तक्रार अर्धी झाली तेव्हा त्यांच्याही हातात कप होता. धूर कुठून येतोय हे पाहायला समोरचे दातांचे डॉक्टर एका पेशंटला तोंड उघडं ठेवून आले आणि दोन कप पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी धूर नव्हता, तरी तिघंही आले.

"काका, दुकान टाका," सेक्रेटरी म्हणाले.

दुकान हा शब्द मला लागला. "कॉफीघर म्हणा," मी म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर जाणवलं की आपण हो म्हणून बसलो आहोत.

आमचं घर तळमजल्यावर, बाहेरच्या खोलीचं दार सरळ रस्त्यावर. खोली बायकोच्या ताब्यातली. तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतलं. "महिनाअखेरपर्यंत खोली वापरा. परवाना पक्का झाला तर ठीक. नाही झाला तर पहिल्या तारखेला माझा सोफा माझ्या जागेवर पाहिजे." तो सोफा आम्ही झोपायच्या खोलीत उभा करून ठेवला आणि त्याच्या कडेने तिरके होत झोपायला जाऊ लागलो. कॉफी प्यायला मात्र ती बाहेर आली नाही.

परवाना कचेरीत मी मोठ्या ऐटीत गेलो. खिडकीच्या आतल्या बाजूला मी हयात घालवली होती. बाहेरच्या बाजूने कसं दिसतं ते माहीत नव्हतं. बाहेरून खिडकी फार उंच असते. आतल्या माणसाने विचारलं, "गिऱ्हाईक बसणार की उभं राहणार?"

"ज्याला जसं वाटेल तसं."

त्याने पेन खाली ठेवलं. 'ज्याला जसं वाटेल तसं' हा रकाना त्यांच्याकडे नव्हता. आमच्या खात्यातही कोणी असं बोललं असतं तर मीही पेन ठेवलंच असतं, त्यामुळे मला रागावताही येईना. शेवटी तात्पुरता कागद मिळाला. साहेब पाहणीला येतील, मग काय ते ठरेल.

कॉफीचं यंत्र आणल्यावर खुर्च्या घेण्याची ऐपत उरली नाही. सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली: 'घरात पडून असलेली खुर्ची शेजारधर्म म्हणून द्यावी.' आणि काय सांगू, लोकांनी दिल्या! बाईंनी शाळेतली ताठ पाठीची खुर्ची पाठवली. तिच्यावर बसणारा आपोआप हाताची घडी घालायचा. सेक्रेटरींची फिरती खुर्ची फक्त डावीकडे फिरायची, त्यामुळे उजवीकडे बघायचं तर पूर्ण चक्कर मारून यावं लागे. दातांच्या डॉक्टरांनी तर पेशंटची जुनी खुर्चीच दिली, खाली दांडी असलेली, मागे आडवी होणारी. तिच्यात बसलेलं गिऱ्हाईक मी कप घेऊन जवळ आलो की तोंड उघडायचं.

पण खुर्ची दिली म्हणून माणसाचा जीव तिच्यातून सुटत नाही. डॉक्टर दोन पेशंटच्या मधे हातमोज्यांसकट डोकावून आपल्या खुर्चीवर कोण आहे ते पाहून जायचे. "पाय खाली," बाई कोणालाही म्हणायच्या. सेक्रेटरींनी पोस्टमनला अर्ध्या कपावरून उठवलं, कारण तो खुर्ची उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करत होता. एक नवरा-बायको रस्त्याने जाता जाता आत आले. माझी पहिली अनोळखी गिऱ्हाइकं! त्यांना या खुर्चीवरून त्या खुर्चीवर इतकं हलवण्यात आलं, की ते कप तसेच टाकून निघून गेले. मी बाईंना हात जोडून म्हणालो, "बाई, खुर्च्या आता दुकानाच्या आहेत ना?"

"दिली आहे," बाई म्हणाल्या, "टाकलेली नाही."

अशात पाहणीचे साहेब आले. बारीक चणीचे, शांत, हातात टेप. त्यांनी खिडकी मोजली, मोरीचा वास घेतला आणि मी दिलेला कप घेऊन बसायला जागा पाहिली. रिकामी फक्त डॉक्टरांची खुर्ची होती. मी "साहेब, ती नको" म्हणेपर्यंत ते बसले आणि त्यांचा पाय दांडीवर पडला. खुर्चीने मोठा सुस्कारा सोडला आणि साहेब सावकाश आडवे झाले. हातातला कप मात्र सरळ, एक थेंब सांडला नाही. त्या माणसाबद्दल माझा आदर तिथेच वाढला. डॉक्टर नेमके तेव्हाच डोकावले होते. सवयीने साहेबांवर वाकून त्यांनी विचारलं, "कुठे दुखतंय?"

साहेबांनी पडल्या पडल्या खोलीभर नजर फिरवली. "एवढ्या खुर्च्या? म्हणजे हे बसण्याचं उपाहारगृह झालं. गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे?"

स्वच्छतागृह होतं, पण वाट स्वयंपाकघरातून. दारात बायको उभी होती. "माझ्या ओट्याशेजारून परकी माणसं ये-जा करणार नाहीत," ती म्हणाली. ती बरोबरच बोलत होती, आणि साहेबांनाही ते पटलं. त्यांनी आडव्या अवस्थेतच आदेश लिहिला: 'उभ्याने पेयविक्री. मालकाने गिऱ्हाइकांसाठी खुर्ची, बाक, स्टूल अथवा तत्सम आसन पुरवू नये.' महिनाअखेर फेरपाहणी. मी पुरवलेलं एकही आसन सापडलं तर परवाना रद्द.

खुर्च्या मी स्वतः खांद्यावरून घरोघर परत केल्या. बाईंनी आपली खुर्ची घेताना तिची पाठ पुसली, जशी काही ती परीक्षेत नापास होऊन आली होती. आणि आमच्या गल्लीतल्या माणसांचे गुडघे हा काही उभं राहून कॉफी पिण्याचा माल नव्हे. पहिल्या दिवशी बाई आल्या, मी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला टेकल्या, ओला रंग पाठीला लावून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. त्यानंतरही नाही. मी यंत्र पुसायचो, एक कप करायचो आणि मीच प्यायचो. आतल्या खोलीत बायकोने बाहेरच्या खोलीचे पडदे धुवायला काढले होते.

मला फार वाईट वाटत होतं. कॉफी कुठे जाणार नव्हती. घरात बसून ढोसायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण कोणाच्या तरी हातात कप द्यायचा आणि पहिल्या घोटाला त्याचा चेहरा बघायचा, याची मला चटक लागली होती. जन्मभर मी या टेबलावरचा कागद त्या टेबलावर नेला. एकाही कागदाने कोणाचा चेहरा असा खुललेला मी पाहिला नव्हता. आता कुठे हे हाती लागलं होतं, आणि पहिल्या तारखेला त्या जागी सोफा येणार होता.

एका दुपारी जिन्यात धप धप आवाज झाला. एकेका पायरीवर खुर्ची आपटत बाई खाली येत होत्या. त्यांनी ती ताठ पाठीची खुर्ची आत आणली, खोलीच्या मधोमध ठेवली आणि बसल्या.

"बाई, नियम आहे हो..."

"वाचा."

मी भिंतीवरचा कागद वाचला.

"कोणी पुरवू नये?"

"मालकाने."

"मी मालक आहे?"

"नाही, बाई."

"मग कॉफी आणा. जाताना मी खुर्ची घेऊन जाणार आहे. इथे ठेवली तर ती तुम्ही पुरवल्यासारखी होईल."

मी जन्मभर आदेश पाळले, पण ते वाचायचे कसे हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आपली खुर्ची ढकलत आले. ती डावीकडेच वळत असल्यामुळे त्यांना लांबून फिरून यावं लागलं. डॉक्टरांनी दात कोरताना बसायचं चाकांचं स्टूल आणलं. पोस्टमन घरून बादली आणून उपडी घालून बसला, आणि 'तत्सम आसन' म्हणजे नक्की काय ते मला समजलं. संध्याकाळी गल्लीतून लोक डोक्यावर, काखेत, खांद्यावर खुर्च्या घेऊन यायला लागले. येणारे-जाणारे विचारायचे, "इथे सभा आहे का?" आणि "काय आहे?" म्हणून थांबलेले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. आता खुर्चीवरून भांडण नव्हतं. उलट ज्याला यायला जमायचं नाही तो आपली खुर्ची शेजाऱ्याबरोबर पाठवायचा. मी दारात फळी लावली: 'ज्याने त्याने आपली खुर्ची आणावी.' या माणसांचे उपकार मी कसे फेडणार आहे, कोण जाणे. ओझी वाहत येऊन कॉफी पिणारं गिऱ्हाईक कोणाच्या नशिबी असतं?

महिनाअखेरीला साहेब आले तेव्हा आत खोली भरलेली होती आणि उरलेले बाहेर रस्त्याच्या कडेला बसले होते. त्यांनी विचारलं, "या खुर्च्या कोणाच्या?"

"आमच्या!" बाई समोर असल्यामुळे सगळे एका सुरात म्हणाले.

साहेबांनी एकेकाला वेगळं विचारलं. बादलीही हलवून पाहिली. मग भिंतीवरचा स्वतःचाच आदेश ओठ हलवत वाचला, आणि पुन्हा वाचला. मी त्यांना कप दिला. त्यांना बसायला जागा नव्हती, आणि मी ती पुरवू शकत नव्हतो. ते उभ्यानेच पिऊ लागले. खोलीत कोणी कप हलवत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. तिच्या हातात खुर्ची होती.

इतके दिवस जी यावी म्हणून मी डोळे लावून बसलो होतो ती आली, आणि नेमकी आमच्या घरातली खुर्ची घेऊन! साहेबांनी कप खाली ठेवला. "ताई, ही तर मालकाच्या घरातली खुर्ची झाली."

"मालकाची नाही," ती म्हणाली. "माझ्या आईची आहे. माहेरून आणलीये मी. विचारा यांना, यांना कधी बसू दिलंय का हिच्यावर."

"नाही," मी म्हणालो. "शपथेवर सांगतो."

"आणि मी आज गिऱ्हाईक म्हणून आलेय." तिने खुर्ची खिडकीशी नेली, रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि पदर सावरून बसली. "एक कॉफी. साखर अर्धा चमचा."

मी कप नेऊन दिला. तिने कप दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. प्यायली नाही, नुसती वास घेत राहिली. बँकेत मी असाच वाकून राहिलो होतो. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुला कॉफीच आवडते," मी म्हणालो.

"घरात वास आला असता तर तुमचं मन गेलं असतं. म्हणून मी पण बंद केली." तिने एक घोट घेतला.

"मग आता इतके दिवस का नाही घेतलीस?"

"रागावले होते."

"कोणावर?"

"तेच ठरेना. डॉक्टर बिचारे म्हातारे झालेत, तुम्ही आत्ता कुठे आजारातून उठलेले. म्हटलं, आधी राग उतरू दे, मग पिऊ."

पुठ्ठ्यासारख्या त्या महिन्यांत तिने माझ्या नाकाशी घरातली प्रत्येक वस्तू धरली होती, मोजासुद्धा. कॉफी तेवढी धरली नव्हती, कारण ती मला बंद होती. मी गल्लीभर लोकांचे आभार मानत हिंडत होतो, आणि ज्या माणसाचे पहिले मानायचे ते आतल्या खोलीत चहा पीत बसलं होतं.

साहेबांनी वहीत शेरा लिहिला: 'आसने गिऱ्हाइकांची. हरकत नाही.' मग परवान्यावर शिक्का मारला, आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, घडीची खुर्ची चालेल का. मी म्हणालो, स्वतःची असेल तर काहीही चालेल.

बायकोने कप संपवला. "जरा करपलीये," ती म्हणाली, आणि खुर्ची उचलून स्वयंपाकघराकडे निघाली. मी धरायला गेलो तर तिने हात झटकला. नियम म्हणजे नियम. सोफ्याचं काय करायचं म्हणून विचारलं, तर म्हणाली, राहू दे आतच, सवय झालीये. दारात मात्र ती थांबली. "उद्यापासून मी आले की मलाही विचारायचं, काय घेणार म्हणून. आपलं आपण धरून चालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मास भरून बँकेत गेलो आणि त्या मुलीची कॉफी परत केली. संध्याकाळी बायको आईची खुर्ची घेऊन आली, खिडकीशी बसली. मी खांद्यावर फडकं टाकून तिच्यापुढे गेलो.

"काय घेणार?"

ती विचार करू लागली. मालकाला आमच्याकडे खुर्ची नसते. तिला लागेल तेवढा वेळ मी उभा राहिलो.